लॉकरमधला फोन

सुमेधा खैरनार रोज सकाळी पावणेआठला आपला फोन एका लोखंडी लॉकरमध्ये ठेवायची आणि चावी ओळखपत्राच्या फितीला अडकवायची. त्यानंतर पुढच्या सुट्टीपर्यंत तिच्या रक्तात साखर किती आहे हे कुणालाच कळत नसे. तिलाही नाही.

ती एका सरकारी वीजकंपनीच्या पंचकुल्यातल्या नियंत्रण कक्षात शिफ्ट इंजिनिअर होती. समोर भिंतभर पडदा, त्यावर उत्तरेकडच्या वीजवाहिन्यांचं जाळं, आणि टेबलावर तीन टेलिफोन. कुठली लाइन बंद करायची, कुठली सुरू करायची, हे ती उपकेंद्रांना फोनवरून सांगायची. तिचा प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित व्हायचा. कक्षात मोबाईल नेता येत नसे, खातापिताही येत नसे. आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला त्या खुर्चीवर बसता येत नसे. हा शेवटचा नियम वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर सातव्या क्रमांकावर होता. तीन वर्षं सुमेधा त्या रकान्यात ‘नाही’ लिहीत आली होती.

पहिल्या वर्षी ते जवळजवळ खरं होतं. तेव्हा गोळ्या चालू होत्या, इन्सुलिन फक्त रात्री एकदा. मग गोळ्या पुरेनात, वजन उतरत गेलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की हा नेहमीचा डायबेटिस नाही, तुमचं शरीर इन्सुलिन बनवणंच बंद करत चाललंय. चाळिशीनंतरही असं होतं म्हणे. त्यांनी तिच्या दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवला आणि फोनमध्ये ॲप घालून दिलं. दर पाच मिनिटांनी आकडा. आकडा सत्तरच्या खाली गेला की फोन भोंग्यासारखा ओरडायचा. ज्यांची नावं यादीत असतील त्यांचेही फोन ओरडायचे. यादीत दोन नावं होती. एक तिचा नवरा अविनाश, हवाई दलात विंग कमांडर. त्याची दीड वर्षापूर्वी जोरहाटला बदली झाली होती. दुसरं त्यांच्या मुलीचं, स्वानंदीचं.

पण सेन्सरला फोन जवळ लागायचा. लॉकर होता बाहेर, दोन भिंतींपलीकडे. म्हणून आठ वाजले की ॲपवर आकड्याच्या जागी आडव्या रेघा यायच्या आणि खाली ओळ यायची, ‘सिग्नल नाही’. चहाच्या आणि जेवणाच्या सुट्टीत सुमेधा बाहेर यायची, लॉकर उघडायची, आकडा बघायची. बाथरूममध्ये जाऊन पेनाने इन्सुलिन टोचून घ्यायची. पंचकुल्याच्या जूनमध्येसुद्धा पूर्ण बाह्यांचे कुर्ते घालायची. कुणी विचारलं तर म्हणायची, उन्हाची ॲलर्जी आहे.

खुर्ची सोडायची तिची तयारी नव्हती. चोपड्यासारख्या गावातून येऊन, दहा ठिकाणच्या बदल्या नवऱ्याबरोबर पेलून, ती शेवटी इथवर पोचली होती. शिफ्टप्रमुख म्हणून तिचं नाव पुढे गेलेलं होतं. शिवाय माणसंच कमी होती. सात जणांचं काम चौघं करत होते. तिचे साहेब, बन्सल, दर आठवड्याला म्हणायचे, “मॅडम, तुम्ही आहात म्हणून चाललंय.” ते ऐकलं की तिला बरं वाटायचं, आणि दुसऱ्याच क्षणी गुदमरायला व्हायचं.

त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता. पंजाबात भाताची लावणी सुरू झाली होती, पंप चालू, शहरांमध्ये एसी चालू, विजेची मागणी तासातासाला चढत होती. एक सहकारी रजेवर गेला होता. सुमेधाकडे त्याचंही टेबल होतं. पावणेएकला मलिकजी, म्हणजे शेजारच्या टेबलावरचे वयस्कर इंजिनिअर, तिला म्हणाले, “जाओ मैडम, खाना खा लो. मैं देखता हूँ.”

तिने लॉकर उघडला. आकडा एकशे अठरा. बाथरूममध्ये सहा युनिट इन्सुलिन घेतलं, ॲपमध्ये नोंदवलं, फोन परत लॉकरमध्ये ठेवला आणि पॅन्ट्रीत जाऊन डबा उघडला. दोन पोळ्या, भरल्या गिलक्यांची भाजी. पहिला घास मोडला तोच दारातून शिपाई ओरडला, “मैडम, लाइन गई!”

पाच मिनिटांचं काम, असं म्हणून तिने डब्याला झाकण लावलं.

लाइन जुळी होती. त्याच मनोऱ्यांवरून दोन सर्किटं जात. सर्किट दोन सकाळपासून दुरुस्तीसाठी बंद ठेवलं होतं आणि चार कामगार मनोऱ्यावर चढलेले होते; त्यांनी कामाचं परमिट परत केल्याशिवाय त्यात वीज सोडता येत नसे. सगळा भार सर्किट एकवर होता आणि तेच आता बंद पडलं होतं. उरलेल्या वाहिन्यांवर ताण यायला लागला. पडद्यावर एकेक आकडा पिवळा, मग लाल होत होता. सुमेधा फोनमागून फोन करत राहिली. याला भार कमी करायला सांग, त्याला वीज वाढवायला सांग, दिल्लीला कळव. पाच मिनिटांची चाळीस झाली. मग पन्नास.

तिला काही होतंय असं तिला वाटलं नाही. उलट आपण फार छान काम करतोय असं वाटत होतं. पडद्यावरचे दिवे जास्तच स्वच्छ दिसत होते. माणसांचे आवाज मात्र जरा लांबून, पाण्याखालून आल्यासारखे. मानेमागे घाम होता. एसी कमी असेल. मलिकजींनी काहीतरी विचारलं, तिला त्यांचा उगीचच राग आला.

सर्किट एक पुन्हा सुरू, म्हणजे चार्ज, करून बघायचं ठरलं. तिने उपकेंद्राला फोन लावला. पलीकडे बलविंदर होता. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण गेली चार वर्षं जवळजवळ रोज त्याचा आवाज ऐकला होता.

“बलविंदरजी, सर्किट दो चार्ज करो.”

“मैडम जी, दोबारा बोलो.”

“सर्किट दो. चार्ज करो.”

“दो पे तो अपने बंदे चढ़े हुए हैं जी. परमिट वापस नहीं आया.”

“मैं जो कह रही हूँ वो करो!” सुमेधा म्हणाली.

“नहीं जी,” बलविंदर म्हणाला. “वो मैं नहीं करूँगा.” मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, “मैडम जी, तबीयत ठीक है?”

तो प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचला तेव्हा तिचा हात टेबलावर थरथरत होता आणि तो आपलाच हात आहे हे तिला जणू नव्याने कळलं. तिने रिसीव्हर मलिकजींकडे दिला. “आप बोलिए. सर्किट एक. एक.” मग तिला कुर्त्याच्या खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या आठवल्या. पूर्ण वेळ त्या तिथेच होत्या. तिने चार गोळ्या एकदम तोंडात घातल्या. खायला मनाई असलेल्या त्या खोलीत, कॅमेऱ्याखाली, ती कुडुमकुडुम चावत बसली.

मलिकजींनी सर्किट एक सुरू करवलं. पडद्यावरचे लाल आकडे पिवळे झाले. इतक्यात मुख्य दरवाज्यावरून फोन आला. मलिकजींनी ऐकला आणि तिच्याकडे वळून म्हणाले, “मैडम, आपकी बेटी गेट पर है. रो रही है.”

स्वानंदी त्या वेळी चंदीगडच्या सेक्टर ३४मध्ये असायला हवी होती. ती बारावी पास झाली होती आणि आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेच्या वर्गाला जात होती. त्या दिवशी शेवटची मोठी सराव परीक्षा होती.

दरवाज्याजवळच्या पाहुण्यांच्या खोलीत ती बाकावर बसली होती. चेहरा उन्हाने लाल, मांडीवर आंब्याच्या ज्यूसचे दोन डबे. आईला चालत येताना बघून ती उठली आणि पुन्हा बसली.

“पिओ पहले,” ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

सुमेधा ज्यूस प्यायली. मग विचारलं, “तू कशी आलीस?”

“ऑटो. आधा पेपर छोड़ के.” तिने डोळे पुसले. “आपने सिक्स युनिट्स डाले, बारा बावन पे. उसके बाद फोन लॉकर में. ठीक है. खाना खाओगे. लेकिन आप खाने के बाद हमेशा एक बार फोन चेक करते हो, आई. एक बजे, सवा एक बजे. आज नहीं किया. मैंने पच्चीस कॉल किए. आपके ऑफिस का नंबर मेरे पास है ही नहीं. आपने दिया ही नहीं किसी को.”

“परीक्षेत फोन जवळ होता तुझ्या?”

“हमेशा होता है. बेंच के नीचे.”

सुमेधाने लॉकरमधून आणलेला फोन हातात धरला होता. सेन्सर पुन्हा जोडला गेला तसा मधला रिकामा काळ एकेका ठिपक्याने भरत गेला. एकशे दोन, ऐंशी, अडुसष्ट, अठ्ठावन्न. एक वाजून पन्नास मिनिटांनी सत्तेचाळीस. स्वानंदीच्या फोनवरही तेच ठिपके उमटत होते. दोघी आपापल्या फोनकडे बघत बसल्या.

“म्हणून तू फक्त इथल्याच कॉलेजचा फॉर्म भरलास?” सुमेधाने विचारलं. पुण्याचे, मुंबईचे फॉर्म आणून ठेवले होते. स्वानंदी म्हणाली होती, मला चंदीगडच आवडतं. सुमेधाला ते तेव्हा पटलं होतं. मुलगी इथे रमली, याचं कौतुकही वाटलं होतं.

स्वानंदीने मान वर केली नाही. “पापा जोरहाट में हैं. रात को अलार्म बजता है तो आप उठते ही नहीं हो कभी-कभी. मैं उठती हूँ. पुणे से कैसे उठाऊँगी?”

आपण एकट्याच अडकलोय असं ती तीन वर्षं समजत होती.

बन्सल साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. त्यांना मलिकजींकडून कळलं होतं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. पंख्याखाली रुमालाने मान पुसत हिंदीत म्हणाले, “हे बघा, काही झालेलं नाही. बलविंदरने सुरू करायचं म्हटलं असतं तरी काम चालू असताना तिथल्या स्विचला कुलूप असतं. लाइन सुरू झालीच नसती. तुम्ही उद्या विश्रांती घ्या, परवा या.”

“सर, मी इन्सुलिनवर आहे. तीन वर्षं.”

त्यांनी हात वर केला. “मी हे ऐकलेलं नाही.”

“सर...”

“मॅडम, तुम्ही गेलात तर माझ्याकडे तीन माणसं राहतात. जूनमध्ये. तीन माणसांत चोवीस तास कसे बसवू, सांगा मला.” ते धमकी देत नव्हते, विनवत होते. “खात जा वेळेवर. एवढंच.”

संध्याकाळी दोघी झिरकपूरच्या गर्दीतून एयरोसिटीतल्या घराकडे निघाल्या. आकडा एकशे साठवर स्थिर झाल्यावरच स्वानंदीने तिला गाडी चालवू दिली होती. घरी आल्यावर सुमेधाने अविनाशला फोनवर सगळं सांगितलं, लेखी कळवायचा विचार आहे हेही.

“लिहून देऊ नकोस,” तो म्हणाला. “बन्सल स्वतः सांगतोय ना? सप्टेंबरसाठी मला बदली मागता येईल. तेवढं निभाव.”

“तीन वर्षं निभावतेच आहे.”

“सुमे, खुर्ची गेली तर तू घरात सैरभैर होशील. मी ओळखतो तुला.”

तो खरंच तिला ओळखत होता.

एक दिवस सोडून ती कामावर गेली, पण टेबलावर बसण्याआधी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेली आणि तो फोन ऐकला. स्वतःचा आवाज थरथरलेला असेल, जडावलेला असेल, असं तिला वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. सर्किट दो, चार्ज करो. रोजच्यासारखा स्वच्छ, ठाम आवाज. बलविंदरच्या जागी कुणी नवीन माणूस असता तर त्याने या आवाजावर नक्की विश्वास ठेवला असता. कुलूप असतं हे खरं. पण कुलूप उघडायची परवानगीही त्याच आवाजाने द्यायची असते. तिने ते तीनदा ऐकलं. मनोऱ्यावर चढलेल्या चार माणसांची नावं परमिटच्या कागदावर होती, तीही वाचली. मग वर जाऊन तिने एक पानी अर्ज लिहिला. काय झालं, किती वाजता झालं, सातव्या रकान्यात आपण तीन वर्षं खोटं लिहिलं, आणि शेवटी विनंती, की सेन्सरचा फोन टेबलाशी ठेवायची परवानगी मिळावी, म्हणजे हे काम सुरक्षितपणे करता येईल.

बन्सल साहेबांनी अर्ज वाचला. त्यांचा चेहरा पडला. “तुम्ही मला उभं राहायला जागा ठेवली नाहीत,” ते म्हणाले, आणि त्यावर सही केली.

दुसऱ्याच दिवशी तिला अभिलेख विभागात बसवलं. पहिल्या मजल्यावर मागच्या बाजूची खोली, कपाटं, जुने अहवाल स्कॅन करायचे. शिफ्टप्रमुखाच्या यादीतून तिचं नाव निघालं. खोट्या माहितीबद्दल खुलासा मागवणारं पत्र आलं. तिथे फोन मात्र जवळ ठेवता येत होता. पहिल्यांदा तो वाजला तेव्हा खोलीतले तिघंही दचकून तिच्याकडे बघायला लागले. एकाने पाणी आणलं, दुसरीने पंखा वाढवला, तिसऱ्याने मधुमेहावर कारल्याचा रस कसा घ्यायचा ते सांगितलं. दर दुपारी कुणीतरी विचारायचं, “आज कितना है मैडम?” लपवताना तिचा जीव जसा घुसमटायचा, त्याहून आता वेगळ्या तऱ्हेने घुसमटत होता. खाली नियंत्रण कक्षात शिफ्ट बदलली की जिन्यातून माणसांचे आवाज वर यायचे. ती तेवढ्यापुरती स्कॅनर बंद करून ऐकायची.

त्याच आठवड्यात एका सकाळी तिने ॲपच्या यादीतून स्वानंदीचं नाव काढून टाकलं. अर्ध्या तासात स्वानंदी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“मुझे क्यों हटाया?”

“परीक्षा दहा दिवसांवर आहे. पुण्याच्या फॉर्मची मुदत परवा संपते. मी भरायला बसू की तू बसतेस?”

“आप ऐसे नहीं कर सकते!” ती ओरडली. मग अचानक मराठीत, मोडकं मोडकं म्हणाली, “आई, तुला काही झालं तर मला कळणारच नाही.”

सुमेधाने गॅस बंद केला. “हो. काही वेळा नाही कळणार,” ती म्हणाली. “मला भीती वाटते त्याची. खूप वाटते. पण तू अठराची आहेस आणि बाकाखाली फोन धरून बसतेस. ते मला नाही सहन होत.”

मुदतीच्या शेवटच्या दिवशी स्वानंदीने फॉर्म भरला हे सुमेधाला बँकेच्या मेसेजवरून कळलं.

वैद्यकीय मंडळाची तारीख दोनदा पुढे गेली आणि ऑगस्टमध्ये लागली. तिघं डॉक्टर होते. त्यांनी तीन महिन्यांचे आलेख पाहिले, वाखाणलेही. मग मधल्या डॉक्टरांनी विचारलं, फोन टेबलाशी असला, तर असं पुन्हा होणार नाही याची तुम्ही खात्री देता का?

बाहेर बन्सल साहेब थांबले होते. आत जाण्याआधी त्यांनी हळूच सांगितलं होतं, फक्त हो म्हणा, बाकी मी बघतो. सुमेधाने टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघितलं.

“नाही देऊ शकत,” ती म्हणाली. “अलार्म वाजेल. मी थांबेन. पण पुन्हा कधीच होणार नाही, असं मी म्हणू शकत नाही.”

निर्णय पंधरा दिवसांनी आला. आणखी एक वर्ष टेबलावर बंदी, त्यानंतर फेरतपासणी. फोनच्या परवानगीचा प्रश्न धोरणाचा असल्याने मुख्यालयाकडे पाठवण्यात येत आहे. खोट्या माहितीबद्दल ताकीद. ती ऑर्डर तिने दोन वेळा वाचली आणि फाइलला लावली.

महिन्याच्या शेवटी स्वानंदी पुण्याला गेली. अविनाश चार दिवसांची रजा काढून आला होता, तोच तिला पोचवायला गेला. सप्टेंबरची बदली नामंजूर झाल्याचं त्याने विमानतळावर, सामान तपासणीच्या रांगेत सांगितलं. तिथे भांडता येत नाही. सुमेधा एकटी घरी आली. ॲप उघडलं. यादीत आता एकच नाव होतं, अडीच हजार किलोमीटर लांबचं. आणि अविनाश हवेत असला की त्याचा फोनही बंद असायचा.

त्या संध्याकाळी ती वरच्या मजल्यावर गेली. तिथे सतवंत कौर राहायच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीच्या पुढच्या. चार वर्षांत त्यांच्याशी बोलणं झालं होतं ते पाण्याच्या टाकीबद्दल आणि पार्किंगबद्दल. सुमेधा दाराशी जरा वेळ उभी राहिली. काय म्हणायचं ते तिने जिन्यात ठरवलं होतं, पण बेल वाजवल्यावर ते सगळं विसरली.

दार उघडलं. “आओ बेटा. पानी नहीं आ रहा?”

“पानी ठीक है,” सुमेधा म्हणाली. “मुझे डायबिटीज है, आंटीजी. इन्सुलिन लेती हूँ. मैं अब अकेली रहती हूँ. कभी मेरी शुगर गिर जाए और मैं न उठूँ, तो किसी को नीचे आकर मुझे उठाना पड़ेगा. चाबी मैं आपके पास रखना चाहती हूँ. और आपके फोन में एक चीज़ डालनी है.” एवढं एका दमात बोलून ती थांबली. तिचा चेहरा तापला होता.

सतवंत कौर यांनी विचारलं, “रोज़ का काम है ये?”

“रोज़ का.”

“मुझे फोन ज़्यादा चलाना नहीं आता.”

“आवाज़ बहुत तेज़ है उसकी. वो आ जाएगी सुनने में.”

म्हाताऱ्या बाई जराशा वैतागल्यासारख्या वाटल्या. आत वळून त्यांनी चष्मा शोधला, फोन शोधला, पासवर्ड आठवेना म्हणून वहीत शोधला. मग खुर्ची ओढून म्हणाल्या, “बैठ. पहले ये बता, उठाऊँगी तो खिलाना क्या है?”

सुमेधा बसली आणि सांगायला लागली.